नाव खोडलेली कार्डं

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तुझ्या आईने आमच्या घरी तुझा उल्लेख एकदाही केला नाही. ते चूक आहे. मी सगळी कार्डं दोनदा तपासली, असंही लिहिलं होतं. ते मात्र खरं आहे, आणि तीच पंचाईत आहे. दोनदा तपासून मी तुला चुकीचं कळवलं. त्यावर तू दोनच ओळी पाठवल्यास, ‘बरं. मग मी येत नाही. तिच्या वस्तू तिथेच कुणाला तरी देऊन टाकायला सांग.’ त्या ओळी तू माझ्या भरवशावर लिहिल्यास, म्हणून हे पत्र शेवटपर्यंत वाच एवढीच विनंती आहे. मधेच राग आला तर बाजूला ठेव, पण पुन्हा उचल.

कुठून सुरू करू ते कळत नाहीये. आधी आमच्या घरातली पद्धत सांगते, नाहीतर पुढचं काहीच उलगडणार नाही. चौदाव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. वडिलांनीच घरी शिकवलं, जेवणाच्या टेबलावर, आणि गणित-भूगोलापेक्षा तुझ्या आईची भाषाच जास्त शिकवली, तुला आता येत नाही तीच. तुर्की कुळातली ती भाषा आमच्या घरात कुणाचीच नव्हती. वडिलांनी एका जुन्या पुस्तकावरून हौसेने उचलली होती आणि आता त्यांना तिचं व्याकरण लिहायचं होतं. त्यासाठी ती जन्मापासून बोलणारं माणूस हवं होतं, आणि ते आमच्या गल्लीच्या टोकालाच, कपडे शिवायच्या कारखान्यात सापडलं. दर सोमवारी काम सुटलं की तुझी आई तासभर आमच्याकडे यायची. वडील विचारायचे, ती बोलायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्या बदल्यात वडील तिचे अर्ज आणि पत्रं लिहून द्यायचे. चार वर्षं हे चाललं. (मागच्या पत्रात पाच लिहिलंय, तेही दुरुस्त करून घे.)

टेबलाखाली बुटांची सहा खोकी होती. त्या भाषेत नामाच्या सहा विभक्ती, म्हणून सहा. वडिलांनी माझ्यासाठी त्यांच्यावर सोपी लेबलं लावली होती: कोण, कुणाचं, कुणाकडे, कुणाला, कुठे, कुठून. तुझी आई बोलेल ते मी पेन्सिलीने कार्डांवर उतरवायचे, एका कार्डावर एक वाक्य, आणि त्यातल्या मुख्य नामाची शेपटी बघून कार्ड त्या त्या खोक्यात टाकायचे. आपल्याला ‘माझ्या घरातून’ म्हणायला दोन शब्द लागतात. तिच्याकडे घर म्हणजे उय, माझं घर उयुम, माझ्या घरात उयुम्दो, माझ्या घरातून उयुम्दोन. सगळं एकाच शब्दाला पाठोपाठ जोडलेलं. मी हटकून उलट जोडायचे, आधी ‘तून’ आणि मग ‘माझं’. वडील तक्ते दाखवून थकले. शेवटी तुझी आई म्हणाली, ‘अगं टाचणे, बाही नाही तर कफ कुठे लावणार, हवेत?’ घर म्हणजे अंगरखा, ‘माझं’ ही बाही, ‘तून’ हा कफ. आधी कुणाचं ते, मग कुठून ते. त्यानंतर मी कधी चुकले नाही. टाचणी हे तिनेच मला ठेवलेलं नाव, काटकुळी होते म्हणून आणि सारखी टोचून प्रश्न विचारायचे म्हणून. पुढे शाळेत गेले तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंनी घर कुठे आहे विचारलं, आणि मी उभी राहून, कुठल्या विभक्तीत सांगू, असं विचारलं. वर्गाला ती थट्टा वर्षभर पुरली. मी हे सांगत बसलेय कारण पुढचं सांगायला हात पुढे होत नाहीये.

तर वडिलांचा एक नियम होता. उदाहरणात माणसाचं नाव नको. ‘नाव दिसलं की वाचणारा माणसाकडे बघतो, शेपटीकडे बघत नाही,’ असं ते म्हणायचे. त्यामुळे मंगळवारी सकाळी मी आदल्या दिवशीची कार्डं घेऊन बसायचे, नावं खोडरबरने खोडायचे आणि त्या जागी शाईने ‘मुलगी’, ‘भाऊ’, ‘शेजारी’ असं काहीतरी लिहायचे. कागद न फाडता खोडण्याचा मला अभिमान होता. आता तूच बघ. तुझं पहिलं पत्र आलं, ‘आईला आता विचारून उपयोग नाही. वृद्धाश्रमातून कळवलं की तिच्या कपाटातल्या पुस्तकावर तुमचा पत्ता आहे. ती माझ्याबद्दल कधी बोलली होती का? एकदा जरी बोलली असेल तर मी तिला भेटायला येईन,’ आणि वडिलांनी ते ‘तूच बघ’ म्हणत माझ्याकडे सरकवलं. मी चार दिवस तीन हजार एकशे चाळीस कार्डांमध्ये तुझं नाव शोधलं. ते सापडणार कसं? ज्या घरात नावं खोडायचा नियम होता, तिथे मी नाव शोधत होते, आणि खोडणारी मीच होते. छापखान्यात मी मुद्रितं तपासते, दुसऱ्यांचा सुटलेला अनुस्वारही सोडत नाही, आणि माझ्याच घरातला नियम मला आठवू नये? आठवला नाही. सोळा वर्षं झाली म्हणून, असं मी स्वतःला सांगतेय. त्यावर तू विश्वास ठेवावास की नाही, मला ठरवता येत नाही.

तुझ्या दोन ओळी आल्या आणि त्याच आठवड्यात वृद्धाश्रमातून मेट्रनबाईंचा फोन आला. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तुझ्या आईला इथली भाषा आठवेनाशी झालीय, तिची स्वतःची तेवढी उरलीय, आणि ती तिथे कुणालाच कळत नाही. तुमच्याकडे कुणाला येते का, असं विचारत होत्या. वडिलांना आता नीट ऐकू येत नाही. म्हणून गेल्या शनिवारी दुपारी मी गेले. तिसऱ्या मजल्यावरची खोली आहे, दोन पलंगांची, खिडकीतून मागच्या इमारतीचे जिने दिसतात. ती खूप लहान झालीय ताई. केस बारीक कापलेत. उजवा हात हलत नाही, पण डावा सारखा चादरीची कड चाचपत असतो, टाके मोजल्यासारखा. नर्सने मला प्रश्नांची यादीच दिली होती: दुखतंय का, पाणी हवंय का, उशी उंच करू का. मी एकेक विचारत गेले. उशीचं उत्तर द्यायच्या ऐवजी ती चादर दाखवून म्हणाली, ‘ही टीप कुणी घातली? डोळे मिटून घातलीय.’ मला हसू आलं, आणि माझ्या हसण्यावरून तिने ओळखलं. ‘टाचणी?’ म्हणाली. मी हो म्हटलं. अर्ध्या तोंडाने हसली.

मग तिने विचारलं, ‘तिचं काही आलं का?’ मला कळलं नाही. कुणाचं, म्हणून विचारलं. तिने तुझं नाव घेतलं, पुढे ‘माझी’ची बाही लावून. मी ‘नाही आलं’ म्हटलं. तिच्यासाठी तुझं काही आलं नव्हतं, तेवढं खरंच होतं. ‘मग तिला नाहीच म्हणायचं असेल,’ असं म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं. ‘काय म्हणाल्या?’ नर्सने विचारलं. ‘पाणी नको म्हणाल्या,’ असं मी सांगितलं. का तसं सांगितलं, मला माहीत नाही. शेजारच्या पलंगावरच्या आजी विणत होत्या, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना भाषा येत नाही, पण मी काहीतरी गिळलं एवढं त्यांना कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोकी स्वयंपाकघराच्या खिडकीत नेली. तिथे ऊन आडवं येतं. कार्ड तिरकं धरलं की खोडलेल्या पेन्सिलीची खाच दिसते. खोडरबर शिसं काढतो, दाब काढत नाही. पहिल्या खोक्यातून दोन निघाली, ‘कुणाचं’मधून चार, ‘कुणाकडे’मधून पाच. दुपारपर्यंत एकोणीस कार्डं टेबलावर होती आणि प्रत्येकावर ‘मुलगी’ या शब्दाखाली तुझं नाव होतं, माझ्या अक्षरात. नावं खोडून झाली की वडील एकेका तारखेची वाक्यं खोक्यांप्रमाणे एका वहीत उतरवायचे. त्या वहीशी ताडून बघितलं तेव्हा कळलं की ती सगळी एकाच सोमवारची आहेत. ती सुटी उदाहरणं नव्हतीच. ते पत्र होतं. तिने सलग सांगितलेलं, तुला पाठवायला. आणि आम्ही ते सहा खोक्यांत वाटून टाकलं.

मी एकोणीस कार्डं घेऊन वडिलांसमोर बसले. त्यांनी ऐकायचं यंत्र कानाला लावून घेतलं. सगळं ऐकून ते म्हणाले, ‘उदाहरणात वाक्य असतं, माणूस नसतो.’ मी म्हटलं, ‘बाबा, हे पत्र आहे.’ ‘मी लिहिणार होतो ते. प्रकाशक मागे लागला होता. सहाच्या सहा विभक्ती, सगळ्या ‘माझी’सकट, एका दमात! अशी वाक्यं मागून मिळत नाहीत.’ मी म्हटलं, ‘तुम्ही तिला शब्द दिला होता.’ त्यावर ते चष्म्याच्या काचा पुसत बसले. कार्डं घराबाहेर न्यायची नाहीत, एक हललं की सगळी रचना हलते, असंही म्हणाले. मी उठणार एवढ्यात त्यांनी विचारलं, ‘किती निघाली?’ एकोणीस, म्हटलं. ‘वीस होती.’ सोळा वर्षांनी आकडा पाठ! ‘एक मी टाकून दिलं. त्यात नुसता पत्ता होता. विभक्ती नव्हती.’ मग माझ्याकडे न बघता आत गेले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि त्यांचं जेवण गरम करायचं होतं, दोन्ही एकदमच. मी जेवण गरम केलं. त्यांनी मला सगळं शिकवलंय ताई. त्यांना चूक म्हणायला कुठले शब्द वापरायचे, तेही मी त्यांच्याकडूनच शिकले असते, पण तेवढं राहून गेलं.

खाली पत्र उतरवून देते. क्रम माझा आहे, आणि त्याबद्दल मला खात्री नाही. वहीत तारीख आहे, कार्डांवर नंबर नाहीत. दोन दिवस मी ती टेबलावर पुढे-मागे करतेय. काही वाक्यं कुठेही बसतात. पण एक असं आहे की ते शेवटी ठेवलं तर एक अर्थ होतो आणि मधे ठेवलं तर ते तितकं लागत नाही. मी ते शेवटी ठेवलंय, कारण शनिवारी ती ज्या तऱ्हेने भिंतीकडे वळली त्यावरून मला तसं वाटलं. तुला वेगळं वाटलं तर तू हलव. ‘मुलगी’च्या जागी तुझं नाव तूच घालून वाच. मी खोडलेलं आहे, मीच पुन्हा लिहावं हे मला बरं वाटेना.

माझी मुलगी आता चौदा वर्षांची झाली. माझी मुलगी माझ्या खांद्याला लागत असेल. माझ्या मुलीचं माप माझ्याकडे पाचव्या वर्षाचं आहे, त्यावर किती शिवणार? माझ्या मुलीच्या खांद्याचं आणि कमरेचं माप तिच्या मावशीने दोऱ्याला गाठ मारून पाठवावं. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मी दर वर्षी एक झगा शिवते. माझ्या मुलीच्या अंगाला ते आता होणार नाहीत. माझ्या मुलीकडे दोन पाठवले होते, ते परत आले. माझ्या मुलीकडे मला स्वतःला जायचं होतं, पण कारखान्यात रजा मागितली की जागा जाते. माझ्या मुलीकडे कुणी म्हणत असेल की आई विसरली. माझ्या मुलीकडे हे पत्र पोचलं की तिने ते स्वतः वाचावं, मावशीकडून वाचून घेऊ नये. माझ्या मुलीकडे मी काहीच मागत नाही, मापाशिवाय. माझ्या मुलीला सांगा, खोली मिळाली आहे. माझ्या मुलीला मी उन्हाळ्यात घ्यायला येईन, तिला यायचं असेल तर. माझ्या मुलीला पलंग एकच मिळेल, पण तो रुंद आहे, आणि खिडकी तिच्या बाजूला. माझ्या मुलीत माझा हट्ट आहे, हे मला ती पाच वर्षांची असतानाच कळलं होतं. माझ्या मुलीत तिच्या बापाचं काही नसावं, एवढीच इच्छा आहे. माझ्या मुलीपासून मी नऊ वर्षं लांब आहे, दहावं लागू नये. माझ्या मुलीपासून एक ओळ आली तरी पुरे. माझ्या मुलीपासून ओळ आली नाही तर तिला यायचं नाही असं मी समजेन, आणि पुन्हा कधी विचारून तिला त्रास देणार नाही.

एकोणीस झाली. तिच्या कपाटात जे पुस्तक आहे, ज्यावरून तुला आमचा पत्ता मिळाला, त्यात ही सगळी वाक्यं आहेत, पान एकशे बारापासून, स्वाध्यायांत विखुरलेली. वडिलांनी छापून आल्यावर, ती अजून आमच्याकडे येत होती तेव्हाच, तिला एक प्रत दिली होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने ती इतकी वर्षं सांभाळली. का सांभाळली ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आता एक गोष्ट राहिली. वर मी लिहिलंय की मला काही आठवलं नाही, सोळा वर्षं झाली म्हणून. तेही पूर्ण खरं नाही. मी ते खोडत नाही, खोडाखोड पुरे झाली, इथे खाली दुरुस्त करते. नियम आठवला नाही हे खरं. पण तुझं पहिलं पत्र उघडलं तेव्हा कानशिलं तापली होती, आणि का, ते मी स्वतःला विचारलं नाही. ते पत्र सांगून झाल्यावर तुझी आई दर सोमवारी विचारायची, गेलं का. मी वडिलांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘या आठवड्यात’ म्हणाले. तिसऱ्या सोमवारी ती दारात वाकून बूट घालत होती, वडील आत होते, आणि तिने वर न बघता मला विचारलं. आमच्या घरात वडील बोलतील ते करत नाहीत, ही गोष्टच नव्हती. मी ‘नाही’ म्हणाले असते तर वडील खोटे ठरले असते. मी अकरा वर्षांची होते. मी म्हटलं, ‘गेलं. मीच टाकलं पेटीत.’ तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. नंतर पाच महिने ती येत राहिली आणि दर वेळी आल्या आल्या विचारायची, काही आलं का. आणि मग एके सोमवारी आली नाही. आम्हाला वाटलं, कारखाना बदलला असेल.

म्हणजे तुला वाटलं ती विसरली, आणि तिला वाटलं तू नाही म्हणालीस, आणि दोन्ही माझ्या एका वाक्यातून झालं. डॉक्टर म्हणतात महिना, फार तर दोन. आता तिला खरं सांगणं म्हणजे तिचं ओझं हलकं करणं की माझं, याचा विचार करून माझं डोकं फिरलंय. कधी वाटतं, सोळा वर्षं तू गप्प राहिलीस या दुःखाशी तिने कसंबसं जमवून घेतलंय, आता ते काढून त्या जागी काय देणार? कधी वाटतं, तसं म्हणणं ही माझीच पळवाट आहे. वडिलांना विचारायची सवय आहे, पण या वेळी विचारणार नाही. तुलाही परवानगी मागत नाही, कारण तू ‘नको’ म्हणालीस तर मला आयतंच निमित्त मिळेल. पण तुला न कळवता जाणं म्हणजे पुन्हा तुझ्या वाटणीचं काहीतरी परस्पर उरकणं, म्हणून हे पत्र. आज बुधवार, अकरा तारीख आहे. पत्राला तुझ्या गावी पोचायला चार दिवस लागतात. मी एकोणीस कार्डं पिशवीत घालून, वडिलांना सांगून, त्यांच्या समोरून घराबाहेर काढणार आहे. तिच्या पलंगाशी बसून ती तिच्याच भाषेत, तुझ्या नावासकट, मोठ्याने वाचणार आहे, आणि ते पत्र पेटीत कधीच पडलं नव्हतं हे तिला सांगणार आहे. तू आलीस तर तुझं तिला आणि तिचं तुला, जसं आहे तसं, एक शब्द न गाळता सांगेन. नाही आलीस तरी मी जाणार. पुढच्या बुधवारी, अठरा तारखेला, सकाळी दहा वाजता.

तुझीच,
व्याकरणवाल्यांची मुलगी